दुसऱ्या नावाने लिहिताना

१८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रं येऊ लागली. दोन वर्षांत त्यांची संख्या १०८ झाली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ती मराठी गद्याच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. जातिभेद, विधवांचे हाल, अर्थ न कळता केलेलं पाठांतर, नव्या विद्येकडे फिरवलेली पाठ या सगळ्यांवर लेखकाने कोरडे ओढले होते, तेही स्वतःच्याच ब्राह्मण समाजावर. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते आणि सरकारी नोकरीत होते. संपादक भाऊ महाजन यांनी पत्रं छापली. लेखकाचं घर, गाव, हुद्दा यांतलं काही सहीवरून कळत नव्हतं. तो कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे मात्र प्रत्येक पत्रात स्वच्छ दिसत होतं.

आज लेख प्रसिद्ध करायला छापखाना लागत नाही आणि बहुतेक वेळा संपादकही लागत नाही. फोनवर लिहायचं, हवं ते नाव द्यायचं आणि काही क्षणांत मजकूर नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी वाचकांपुढे ठेवायचा. त्यामुळे टोपणनाव ही कवींची खास मिरास राहिलेली नाही. गुंतवणुकीवर लिहिणारा बँक कर्मचारी, आजारपणाचा अनुभव सांगणारी गृहिणी, शाळेतल्या कारभारावर लिहिणारा शिक्षक या सगळ्यांना एक दिवस हा प्रश्न पडतोच: आपलं नाव द्यावं की दुसरं घ्यावं? दुसरं घेतलं तर वाचक विश्वास ठेवेल का? लेख लोकांपर्यंत नेताना, त्याची जाहिरात करताना, त्यातून पैसे मिळवताना ते नाव चालेल का?

या प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. टोपणनावाने माणूस झाकला तर काही बिघडत नाही. लेखकाचा हितसंबंध, त्याची पात्रता आणि त्याचा अनुभव यांविषयी वाचकाची दिशाभूल केली, तर ती फसवणूक होते.

नाव का बदलावंसं वाटतं

पहिलं कारण सुरक्षिततेचं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका म्हणून नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात इतक्या उघडपणे आली होती की महाराष्ट्रात खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावरच्या मालती बेडेकर. ते लेखन खऱ्या नावाने आलं असतं, तर चर्चा कथांपेक्षा लेखिकेच्या चारित्र्याची झाली असती. स्वतःचा घटस्फोट, घरातली मारहाण, मानसिक आजार यांविषयी आज लिहिणाऱ्या बाईपुढे तीच अडचण असते. शिवाय लेखातून तिच्या मुलांची, सासरच्यांची, माहेरच्यांची ओळख पटू शकते. लिहिण्याचा निर्णय तिचा असतो, त्या सगळ्यांचा नसतो.

दुसरं कारण पोटापाण्याचं. डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. लहान नमुन्यांवरून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढायचा, यावरचा त्याचा निबंध १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आला, तो ‘स्टुडंट’ या नावाने. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापणं कंपनीला मान्य नव्हतं. आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ‘स्टुडंट्स टी’ शिकतो. आपल्याकडे धनपतराय ‘नवाबराय’ या नावाने लिहीत. १९०८ च्या ‘सोज़े वतन’ या त्यांच्या कथासंग्रहावर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी वळली, प्रती जप्त झाल्या, आणि त्यानंतर त्यांनी घेतलेलं ‘प्रेमचंद’ हे नाव अजरामर झालं.

तिसरं कारण आपल्या समाजाचं आहे. मराठी आडनाव ऐकताच समोरचा माणूस जात, पोटजात, प्रदेश यांचा अंदाज बांधू लागतो. आरक्षणावर, पाण्याच्या वाटपावर, देवस्थानांच्या कारभारावर लिहिलेला लेख अनेकदा आडनाव पाहूनच वाचला किंवा टाळला जातो. आडनाव नसलेलं नाव घेऊन लिहिणारा लेखक वाचकाला एवढंच सांगत असतो की आधी माझा मुद्दा वाच. ही अपेक्षा रास्त आहे.

एका नावाखाली एक प्रकारचं लेखन

चौथ्या कारणाचा लेखनाच्या प्रसाराशी थेट संबंध आहे आणि मराठी लेखकांनी ते फार पूर्वी ओळखलं होतं. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहीत, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने. वि. वा. शिरवाडकर नाटकांवर आपलं नाव घालत आणि कवितेखाली ‘कुसुमाग्रज’. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या आणि नाटकं खानोलकरांची, कविता आरती प्रभूंची. प्र. के. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं ‘केशवकुमार’ होऊन लिहिली. ही नावं गुप्त राहावीत असा कोणाचाच आग्रह नव्हता. बाळकराम दिसले की हसायला तयार व्हायचं आणि गोविंदाग्रज दिसले की मन वेगळ्या जागी न्यायचं, एवढं वाचकाला त्या नावावरून समजत होतं.

जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ उभा केला तेव्हा त्या नावाला स्वतंत्र स्वभाव मिळाला. मोठमोठ्या साहित्यिकांच्या टोप्या उडवण्याची त्याला मुभा होती. दळवींच्या नावाने तेच लिहिलं असतं तर ते एका लेखकाने दुसऱ्या लेखकांवर केलेले वार ठरले असते. अलीकडच्या काळात ‘लोकसत्ता’च्या वाचकांनी तंबी दुराई असाच डोक्यावर घेतला, ते लेखन श्रीकांत बोजेवारांचं.

बाजाराचं गणित सगळ्यांत नीट जमलं ते बाबूराव अर्नाळकरांना. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे जाते. झुंजार आणि काळापहाड यांच्या नव्या पुस्तकासाठी दुकानात येणारा वाचक मुखपृष्ठावर ‘अर्नाळकर’ एवढंच पाहत असे. आत काय मिळणार याची खात्री त्या नावाने दिलेली असे.

इंटरनेटवर हेच तत्त्व लागू पडतं, उलट अधिक कडकपणे. एकच माणूस सोमवारी प्राप्तिकरावर, बुधवारी गझलेवर आणि शनिवारी मिसळीच्या ठिकाणांवर लिहीत असेल, तर शोधयंत्राला आणि वाचकाला दोघांनाही तो नेमका कशासाठी लक्षात ठेवायचा हे कळत नाही. कराविषयीचं लेखन खऱ्या नावाने आणि गझला टोपणनावाने, अशी वाटणी केली की दोन्ही वाचकवर्ग आपापल्या नावामागे येतात. पण प्रत्येक नावाला नियमित मजकूर लागतो, स्वतंत्र ओळख लागते, वाचकांना उत्तरं द्यावी लागतात. चार नावं सुरू करून चारही ओस पाडण्यापेक्षा एक नाव जोपासणं शहाणपणाचं.

जाळ्यावर नावाची किंमत कशी ठरते

मराठी माणसाने इंटरनेटवर पाऊल टाकलं तेच टोपणनाव घेऊन. ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली. तिथे आणि नंतरच्या मराठी संकेतस्थळांवर ‘आयडी’ हीच लेखकाची ओळख झाली. ललितलेख, प्रवासवर्णनं, पाककृती, गडकिल्ल्यांच्या भटकंतीचे वृत्तान्त लिहिणारे कितीतरी जण वाचकांना आजही आयडीनेच ठाऊक आहेत. त्याच ठिकाणी ‘डु-आयडी’ हा शब्दही रुजला: एकाच माणसाने वाद जिंकण्यासाठी किंवा स्वतःची वाहवा करण्यासाठी काढलेलं दुसरं खातं. वर्षानुवर्षं टिकलेल्या आयडीला मान आणि डु-आयडीला तिरस्कार, हा निवाडा वाचकांनी कोणत्याही कायद्याशिवाय केला, आणि तो अगदी बरोबर होता.

मोठ्या कंपन्यांनी मात्र काही काळ खऱ्या नावाचा हट्ट धरला. गूगल प्लस २०११ साली आलं तेव्हा लोक रोजच्या आयुष्यात वापरतात तेच नाव द्या, अशी सक्ती होती. टोपणनावाने वावरणाऱ्यांची खाती बंद झाली, जगभर वाद पेटला आणि २०१४ च्या जुलैत गूगलने ही सक्ती मागे घेतली. त्याच काळात गूगल शोधाच्या निकालात लेखाशेजारी लेखकाचं नाव आणि छायाचित्र दाखवत असे. तो प्रयोगही २०१४ च्या ऑगस्टपर्यंत गुंडाळला गेला.

म्हणून लेखकाची ओळख बिनमहत्त्वाची झाली असं समजू नये. शोधाच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलने मार्गदर्शिका तयार केली आहे. तिच्यात लेखकाचं तज्ज्ञपण, त्याचा अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष होतेच. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांत प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांवर, जिथे चुकीच्या सल्ल्याने वाचकाचं थेट नुकसान होऊ शकतं, हे निकष अधिक काटेकोर धरले जातात. लेखनाच्या प्रसारासाठी यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. कविता, कथा, प्रवास, स्वयंपाक, पुस्तक-परिचय यांसाठी टोपणनाव अडचणीचं ठरत नाही. औषधं, कर, गुंतवणूक, कोर्टकचेरी यांवर सल्ला द्यायचा असेल तर खरं नाव आणि खरी पदवी यांचं वजन वेगळंच असतं. तिथे टोपणनाव घ्यावंच लागलं तर सल्ला देण्याऐवजी अनुभव सांगावा आणि तो अनुभव आहे हे स्पष्ट लिहावं.

रेषा कुठे ओलांडली जाते

जॉन मॅकी हे तेव्हा ‘होल फूड्स’ या अमेरिकी किराणा कंपनीचे प्रमुख होते. १९९९ ते २००६ या काळात याहूच्या शेअर बाजारविषयक चर्चाफलकावर ‘राहोडेब’ नावाचा कोणी एक गृहस्थ होल फूड्सची तोंड भरून स्तुती करी आणि ‘वाइल्ड ओट्स’ या प्रतिस्पर्धी कंपनीला नावं ठेवी. २००७ साली होल फूड्सने वाइल्ड ओट्स विकत घ्यायचं ठरवलं. त्या व्यवहाराला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आव्हान दिलं, आणि न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतून राहोडेब म्हणजे खुद्द मॅकी हे उघड झालं. मॅकींनी माफी मागितली. रोखे बाजाराच्या नियामकाने चौकशी केली आणि पुढच्या वर्षी कारवाई न करता ती बंद केली. कायद्याच्या कचाट्यातून ते सुटले, तरी वाचकाच्या बाजूने पाहिलं तर दोष स्पष्ट आहे. कंपनीचं कौतुक करणारा माणूस कंपनीचाच प्रमुख आहे, हीच गोष्ट वाचकाला सर्वांत आधी कळायला हवी होती. राहोडेब या नावाने नेमकी तीच लपवली.

इंग्रज रहस्यकथाकार आर. जे. एलरी यांचं प्रकरण २०१२ सालचं. अॅमेझॉनवर वेगवेगळ्या नावांनी त्यांनी स्वतःच्या पुस्तकांना पाच-पाच तारे दिले आणि इतर लेखकांच्या पुस्तकांची निंदा केली. दुसऱ्या एका लेखकाने ते उघडकीला आणलं, एलरींनी माफी मागितली. पण त्यांच्या चांगल्या पुस्तकांवरही तो डाग राहिला.

२०११ साली ‘अमीना’ नावाच्या दमास्कसमधल्या तरुणीचं लेखन जगभर वाचलं जात होतं. सीरियातल्या उठावात तिला पकडून नेल्याची बातमी आली आणि तिच्या सुटकेसाठी मोहिमा सुरू झाल्या. अमीना अस्तित्वातच नव्हती. स्कॉटलंडमध्ये शिकणारा टॉम मॅकमास्टर हा अमेरिकन पुरुष ते लिहीत होता, आणि तिचं म्हणून फिरत असलेलं छायाचित्र लंडनमधल्या एका अनोळखी बाईचं होतं. सीरियात खरोखर जीव धोक्यात घालून टोपणनावाने लिहिणाऱ्यांवरचा विश्वास यामुळे ढळला. हे नुकसान सर्वांत मोठं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या जुन्या, प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर वस्तूंची शिफारस करणारे लेख सापडले. लेखकांची नावं होती, छोटासा परिचय होता, हसरं छायाचित्र होतं. त्यांतलं एक छायाचित्र संगणकाने बनवलेले चेहरे विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळालं. अशा नावाचा माणूसच नव्हता. वस्तू वापरून पाहिली असं सांगणारं नाव बनावट, म्हणून शिफारसही बनावट.

या चारही ठिकाणी टोपणनाव दोषी नव्हतं. पहिल्या दोघांनी हितसंबंध लपवला, तिसऱ्याने दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगितला, आणि चौथ्या ठिकाणी अनुभव घेणारं माणूसच नव्हतं. टोपणनावाने लिहिणाऱ्याने दर लेखाआधी स्वतःला विचारावं: माझं खरं नाव उद्या कळलं, तर या लेखातल्या म्हणण्यावरचा वाचकाचा विश्वास कमी होईल का? ‘होईल’ असं उत्तर आलं तर तो लेख त्या नावाने प्रसिद्ध करू नये.

आपल्याकडे आता याला कायद्याचीही जोड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं यांनुसार शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक किंवा अन्य संबंध असेल, तर तो उघड करावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली मानक तयार केलं. विक्रेत्याने पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. टोपणनाव असलं तरी ‘या लेखासाठी कंपनीने मोबदला दिला आहे’ हे वाक्य लेखाच्या सुरुवातीलाच यायला हवं.

गुपित किती दिवस राहतं

२००९ साली इंग्लंडमध्ये राजकीय लेखनासाठीचा ऑर्वेल पुरस्कार ‘नाइटजॅक’ या नावाने लिहिणाऱ्या एका पोलिसाला मिळाला. रोजच्या पोलिसी कामाचं अस्सल चित्र त्याने उभं केलं होतं. ‘द टाइम्स’ने त्याची ओळख शोधली. ती छापू नये म्हणून तो न्यायालयात गेला. इंटरनेटवर लिहिणं हे सार्वजनिक कृत्य आहे, त्यामुळे नाव गुप्त राहण्याची वाजवी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. रिचर्ड हॉर्टन हे नाव छापून आलं, वरिष्ठांकडून लेखी ताकीद मिळाली आणि लेखन बंद पडलं. वार्ताहराने त्याच्या ईमेल खात्यात बेकायदा डोकावून ही ओळख शोधली होती, हे नंतर सिद्ध झालं आणि वृत्तपत्राने त्याला भरपाई दिली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

जे. के. रोलिंग यांनी २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावाने रहस्यकथा प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत गुपित फुटलं. त्यांच्या वकिली संस्थेतल्या एकाने ते पत्नीच्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिथून ते बाहेर पडलं. बातमी छापण्यापूर्वी ‘संडे टाइम्स’ने पॅट्रिक जुओला आणि पीटर मिलिकन या दोन अभ्यासकांकडून मजकुराची संगणकीय तपासणी करून घेतली. वापरलेले शब्द, त्यांची लांबी, शब्दांच्या जोड्या हे सगळं रोलिंग यांच्याकडे बोट दाखवत होतं.

शैलीवरून लेखक ओळखण्याची ही विद्या नवी नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या एकाच नावाने ८५ निबंध छापले गेले. लिहिणारे तिघे होते: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांतल्या १२ निबंधांचा लेखक कोण, यावर पुढे दीर्घकाळ वाद राहिला. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगदी साधे, कोणाच्या लक्षातही न येणारे शब्द मोजले. ‘अपॉन’ हे अव्यय हॅमिल्टन हजार शब्दांमागे साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. अशा शब्दांच्या हिशेबाने ते १२ निबंध मॅडिसनच्या पदरात पडले. मराठीतही ‘परंतु’ लिहिणारा आणि ‘पण’ लिहिणारा वेगळा ओळखू येतो. ‘मात्र’, ‘अर्थात’, ‘खरं तर’ या सवयी नाव बदलल्याने बदलत नाहीत.

शैलीपेक्षाही लवकर दगा देतात त्या तांत्रिक खुणा. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव आपोआप नोंदलेलं असतं. फोनने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. नवीन खातं जुन्याच मोबाइल क्रमांकावर उघडलं, तर समाजमाध्यमं ते ओळखीच्यांना सुचवतात. वाचकांकडून यूपीआयने वर्गणी घेतली की पाठवणाऱ्याला बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. आणि सर्वांत जास्त गळती होते ती माणसांतून: एका मित्राला सांगितलेलं गुपित महिन्याभरात गटभर होतं.

म्हणून लिहिण्याआधी स्वतःची गरज ओळखावी. नाव फक्त वेगळं हवं आहे, की गुप्तच हवं आहे? पहिली गरज सहज भागते. दुसरीसाठी स्वतंत्र ईमेल, स्वतंत्र क्रमांक, छायाचित्रांतली माहिती पुसण्याची सवय आणि कमालीचा संयम लागतो. एवढं करूनही ओळख उघड झाली तर आपण काय करू, याचं उत्तर तयार ठेवावं. ज्या लेखामुळे नोकरी किंवा जीव जाऊ शकतो, तो केवळ टोपणनावाच्या भरवशावर प्रसिद्ध करू नये. आधी विश्वासू संपादकाशी आणि वकिलाशी बोलावं.

कायदा आणि पैसा

भारतात टोपणनावाने लिहायला कोणतीही परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ अशा लेखनाला पूर्ण संरक्षण देतो. फक्त मुदतीचा हिशेब वेगळा आहे. स्वतःच्या नावाने लिहिलेल्या साहित्यावर लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टोपणनावाच्या लेखनावर तो प्रथम प्रसिद्धीनंतर ६० वर्षंच राहतो. ही मुदत संपण्यापूर्वी लेखक आणि प्रकाशक या दोघांनी खरी ओळख जाहीर केली, तर नेहमीची, मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत लागू होते. पंचविशीत लिहिलेल्या आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत जगलेल्या लेखकाच्या वारसांसाठी हा फरक अर्ध्या शतकाहून मोठा होतो.

दुसरी तरतूद फार थोड्यांना माहीत असते. ओळख जाहीर होईपर्यंत हक्कभंगाच्या दाव्यापुरता टोपणनावाच्या लेखनाचा प्रकाशक हाच मालक मानला जातो. तुमचा लेख कोणी उचलला तर दाद मागणारा तो असेल. त्यामुळे प्रकाशकाशी लेखी करार हवाच. करारात खरं नाव, टोपणनाव, हक्क कोणाकडे आणि ओळख कोणत्या परिस्थितीत उघड करता येईल, हे चार मुद्दे स्पष्ट असावेत. लेखनावर लेखक म्हणून हक्क सांगण्याचा नैतिक अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो, कॉपीराइट विकला तरीसुद्धा.

पैशाच्या व्यवहारात टोपणनावाला जागा नाही. पॅन, बँक खातं, मानधनातून कापलेला कर, प्राप्तिकराचं विवरणपत्र हे सगळं खऱ्या नावाने. अॅमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेत खातं खऱ्या नावाने उघडावं लागतं आणि पुस्तकावर टोपणनाव घालता येतं. बहुतेक व्यवस्था अशाच चालतात. संपादकाला आणि हिशेबनीसाला तुमचं नाव कळणार, हे गृहीत धरावं.

सरकारी नोकरांनी विशेष जपावं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम सरकारी धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. ती टीका स्वतःच्या नावाने असो, निनावी असो किंवा टोपणनावाने, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक लेखनाला मोकळीक आहे. बदनामीच्या कायद्यालाही टोपणनाव अडवत नाही; न्यायालयाचा आदेश आला की खात्याची माहिती पोलिसांकडे जाते.

नाव घेताना, नाव वाढवताना

नाव ठरवण्याआधी ते मराठीत आणि रोमन लिपीत शोधून पाहावं. कोणा हयात लेखकाच्या नावाशी ते मिळतंजुळतं असेल तर सोडून द्यावं. उच्चारायला सोपं, एकाच पद्धतीने लिहिता येणारं नाव घ्यावं; ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळामुळे वाचकाला शोधताच येत नाही अशी नावं टाळावीत. पदवी नसताना नावामागे ‘डॉक्टर’, ‘अॅडव्होकेट’, ‘प्राध्यापक’ लावू नये. जी जात, जो धर्म किंवा जो अनुभव आपला नाही, त्याचा अधिकार मिळवण्यासाठी तसं नाव घेऊ नये. नाव पक्कं झालं की त्याच नावाचं ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती एकाच दिवशी घेऊन ठेवावीत, लगेच वापरायची नसली तरी.

लेखक-परिचय खरा ठेवावा. ‘या नावाने लिहिणाऱ्या लेखिका सहकारी बँकेत काम करतात, त्या टोपणनावाने लिहितात’ एवढी दोन वाक्यं वाचकाला पुरेशी आहेत. टोपणनाव आहे हे सांगितल्याने विश्वास कमी होत नाही, वाढतो. परक्या माणसाचं किंवा संगणकाने बनवलेलं छायाचित्र लावण्यापेक्षा रेखाचित्र किंवा चिन्ह लावावं. ‘ललित’च्या वाचकांना वसंत सरवट्यांनी रेखाटलेला ठणठणपाळ पाठ होता, आणि ते चित्र आहे म्हणून कोणी त्यावर अविश्वास दाखवला नाही.

लेखाचा प्रसार त्याच नावाच्या खात्यावरून करावा. खऱ्या नावाच्या खात्यावरून ‘हा अप्रतिम लेख वाचा’ असं अनोळखी असल्याच्या थाटात लिहिणं म्हणजे डु-आयडीच. वाचक मिळतो तो सातत्याने: ठरावीक वारी लेख, चूक दाखवली तर दुरुस्ती आणि दुरुस्तीची नोंद, प्रश्नाला उत्तर. दुसऱ्यांच्या लेखनाबद्दल त्याच नावाने उदारपणे लिहावं. वृत्तपत्राच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात त्या नावाने एखादा लेख छापून आला तर नावाला आधार मिळतो, कारण संपादकाने पारख केलेली असते. संपादकाला मात्र पहिल्याच पत्रात खरं नाव सांगावं.

शेवटी, एक कागद. आपण कोणत्या नावाने कुठे काय लिहिलं, करार कोणाशी आहेत, खात्यांच्या चाव्या कुठे आहेत, हे लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाकडे किंवा मृत्युपत्रासोबत ठेवावं. तसं नसेल तर लेखकामागे ते लेखन बेवारस होतं आणि मुदत वाढवणारी कायद्यातली ती तरतूदही वारसांच्या कामी येत नाही.

नाव कोणतंही घ्या. त्या नावाने जे लिहाल ते उद्या स्वतःच्या नावाने, भर सभेत, वाचून दाखवायची तयारी ठेवा. ही तयारी ज्या लेखाबाबत नसेल, तो प्रसिद्ध करू नका.